पेटीचा आलेख आणि खोलीतला आवाज

लॅमिंग्टन रोडवरून साडेसहा इंची स्पीकर आणायचा, लालबाग-परळच्या ओळखीच्या सुताराकडून प्लायवूडची पेटी ठोकून घ्यायची आणि ती घरच्या अँप्लिफायरला जोडायची, हा उद्योग मुंबईत नवा नाही. गिरगावातल्या कित्येक पोटमाळ्यांवर अशा पेट्या अजून सापडतील. पूर्वी पेटीचे माप सुताराकडे उरलेल्या प्लायवरून ठरे, नाहीतर भिंतीवरच्या फळीवर मावेल तेवढे धरले जाई. आता ते संगणक सांगतो. स्पीकरचे चार आकडे भरले की पेटीचे आकारमान, नळीची लांबी आणि आवाजाचा आलेख पडद्यावर हजर. विज्ञानप्रदर्शनासाठी हा विषय विद्यार्थ्यांना भुरळ घालणारा आहे, आणि चांगलाही आहे. मात्र त्या संगणकी आलेखावर 'निरीक्षणे' असा मथळा दिसला, की शिक्षकाने तिथे थांबायला हवे. अशा आज्ञावल्यांपैकी 'विनआयएसडी' ही विनामूल्य मिळणारी आज्ञावली हौशी लोकांत बरीच प्रचलित आहे. तिची थोडी झडती घेऊ.

पेटी लागतेच कशाला?

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. ५० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे ७ मीटर असते. एवढ्या लांब तरंगाला वीतभर स्पीकरला वळसा घालणे अवघड नाही. मागचा विरळ भाग पुढच्या दाबलेल्या भागाला येऊन मिळतो आणि दोघे एकमेकांना खोडून काढतात. म्हणून उघड्या स्पीकरचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा किरटा येतो. मोठ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर स्पीकर धरला, तर आवाज लगेच भरदार होतो. हा प्रयोग वर्गात दोन मिनिटांत दाखवता येतो.

बंद पेटीत मागचा तरंग कोंडला जातो. शिवाय कोंडलेली हवा स्प्रिंगचे काम करते आणि पडद्याच्या स्वतःच्या ताणात भर घालते. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये ही हवेची स्प्रिंगच मुख्य आधार मानून लहान पेटीतून खोल आवाज काढून दाखवला. दुसरा मार्ग पेटीला नळी बसवण्याचा. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते, तशी नळीतली हवा पेटीतल्या हवेवर झुलते. हेल्महोल्ट्झ यांचे अनुस्पंदक ते हेच. मागचा तरंग या नळीतून वळवून पुढच्याच्या मदतीला आणण्याचे पेटंट बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये मिळाले.

तरीही पेटीचे माप काढणे बराच काळ अंदाजाचेच काम होते. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९६१ मध्ये दाखवले, की स्पीकर आणि पेटी मिळून जी प्रणाली होते तिची समीकरणे विजेच्या गाळणी-मंडलासारखीच असतात. पडद्याचे वस्तुमान, त्याचा लवचीकपणा आणि घर्षण यांच्या जागी प्रवर्तक, धारक व रोध कल्पिले, की विद्युत अभियंत्यांची तयार कोष्टके सुताराच्या कामी येतात. रिचर्ड स्मॉल यांनी सिडनी विद्यापीठात हे काम पुढे नेले आणि १९७२-७३ च्या सुमारास ते सविस्तर मांडले. विनआयएसडी किंवा तिच्यासारखी कोणतीही आज्ञावली मुळात हीच समीकरणे सोडवते. संगणकाने नवे भौतिकशास्त्र शोधलेले नाही, आकडेमोड तेवढी झटपट केली आहे.

श्रेय द्यायचे तेथे द्यावे

ही झटपट आकडेमोड कमी मोलाची नाही. पेटीचे आकारमान ३० लिटरवरून १५ लिटर केले की आलेखाची रेघ डोळ्यांदेखत बदलते. विद्यार्थी दहा मिनिटे हे खेळला, तर त्याला एक कटू सत्य आपोआप उमगते: खोल आवाज, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कोणत्याही दोन निवडाव्यात. हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम सांगतो, की कार्यक्षमता तेवढीच ठेवून आवाजाची खालची मर्यादा निम्म्यावर आणायची असेल, तर पेटी आठपट मोठी लागते. चाळीतल्या खोलीत आठपट पेटी ठेवली तर माणसांनी गॅलरीत झोपायचे. मिरवणुकीतल्या पेट्या कपाटाएवढ्या का असतात, याचेही उत्तर इथेच आहे.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याला चकित करते. चांगला घरगुती स्पीकरही दिलेल्या विजेपैकी साधारण एक टक्काच ध्वनीत रूपांतरित करतो, बाकीची उष्णता होते. खोक्यावर छापलेला १०० वॅटचा आकडा आवाजाचा नव्हे, हे इथे स्पष्ट होते. एका काळी टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' म्हणून हजारो वॅट छापले जात. त्या फुगवट्यावर ही आज्ञावली चांगला उतारा आहे.

आक्षेप पहिला: आकडे कोणाचे?

आज्ञावलीला मुख्यतः तीन आकडे हवे असतात. पडदा मोकळा असताना ज्या वारंवारितेला तो सर्वांत सहज झुलतो ती, म्हणजे एफएस. हे झुलणे किती लवकर थांबते ते सांगणारा आकडा, म्हणजे क्यूटीएस. आणि पडद्याच्या लवचीकपणाइतकाच लवचीकपणा असलेल्या हवेचे आकारमान, म्हणजे व्हीएएस. नामवंत कंपन्या हे आकडे माहितीपत्रकात देतात. परंतु बाजारातल्या सुट्या, स्वस्त स्पीकरवर बहुधा व्यास, ओहम आणि वॅट एवढेच लिहिलेले असते. या तिन्हींवरून पेटीचे माप निघत नाही.

मग विद्यार्थी काय करतो? यादीतून 'आपल्यासारखा दिसणारा' साडेसहा इंची स्पीकर निवडतो. आज्ञावली तक्रार करत नाही. आलेख तितकाच रेखीव येतो.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. यादीतल्या स्पीकरची एफएस ५० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ३० लिटर आहे. ३० लिटरच्या बंद पेटीत त्याची अनुस्पंदन-वारंवारिता ७१ हर्ट्झ आणि क्यू ०.७१ होतो. म्हणजे आलेख सपाट, कुठेही उंचवटा नाही. हातातला स्पीकर मात्र लहान चुंबकाचा आणि ताठ पडद्याचा आहे. त्याची एफएस ६५, क्यूटीएस ०.९ आणि व्हीएएस १८ लिटर आहे. त्याच पेटीत त्याचे अनुस्पंदन ८२ हर्ट्झला होईल, क्यू १.१४ होईल आणि आलेखात सुमारे २ डेसिबेलचा उंचवटा येईल. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा मग गोलाईऐवजी ढब्ब असा ऐकू येतो. बंद पेटी त्यातल्या त्यात क्षमाशील. नळीची पेटी चुकीच्या आकड्यांवर बांधली तर आणखी बिघडते.

विनआयएसडी एफएस आणि क्यू यांच्या गुणोत्तरावरून पेटी बंद असावी की नळीची, हेही सुचवते. तो एक ढोबळ नियम आहे, पण पडद्यावर शिफारस म्हणून दिसला की विद्यार्थ्याला निकाल वाटतो. संक्षेपांची गर्दी आणि सगळा इंग्रजी कारभार यांमुळे मराठी माध्यमाचा विद्यार्थी प्रश्न विचारण्याऐवजी रकाने भरत सुटतो. हा दोष त्याचा नाही.

आक्षेप दुसरा: खोली कुठे आहे?

आज्ञावलीचा आलेख ज्या जगात खरा असतो, त्या जगात स्पीकर एका अमर्याद भिंतीत बसवलेला आहे आणि पुढे मोकळे आकाश आहे. तिथे दुसरी भिंत नाही, छत नाही, कपाट नाही, शेजारी नाही. परळमध्ये असे घर मिळायचे नाही.

ना. म. जोशी मार्ग किंवा नायगाव येथील बीडीडी चाळींतली जुनी खोली घ्या. क्षेत्रफळ १६० चौरस फूट. हिशेबासाठी ती १६ फूट लांब आणि १० फूट रुंद धरू. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीचे स्थिर तरंग तयार होतात. दोन्ही टोके बंद असलेल्या नळीचे गणित इथे जसेच्या तसे लागू पडते: ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट. वेग सेकंदाला ३४७ मीटर धरला तर लांबीमुळे सुमारे ३६ हर्ट्झ आणि त्याची दुप्पट ७१ हर्ट्झ, तर रुंदीमुळे ५७ हर्ट्झ मिळतात. छतही १० फुटांवर असेल तर उंचीमुळेही ५७ हर्ट्झच, म्हणजे एकाच सुरावर दोन दिशांचा जोर. या सुरांना खोलीत काही जागी आवाज घुमतो, तर काही जागी जवळपास नाहीसा होतो. ७१ हर्ट्झचा सूर लावून भिंतीपासून खोलीच्या लांबीने चालत गेले, तर भिंतीशी आवाज मोठा, चार फुटांवर मंद, मध्यावर पुन्हा मोठा, असे कानालाच कळते. दार-खिडक्या उघड्या असतील तर हे चढउतार कमी होतात, पण पुसले जात नाहीत. लहान खोल्यांत खालच्या सुरांना १० डेसिबेल किंवा त्याहून अधिक फरक पडणे नेहमीचे आहे. पेटीच्या आलेखातला २ डेसिबेलचा उंचवटा ज्याने घासूनपुसून काढला, त्याने या १० डेसिबेलकडे पाहिलेलेच नसते.

पेटी ठेवायची जागाही तितकीच महत्त्वाची. चाळीत स्पीकर बहुधा छताजवळच्या कोपऱ्यात, फळीवर जातो. भिंती पुरेशा कठीण असतील तर जवळची प्रत्येक जादा भिंत खालच्या सुरांचा ध्वनिदाब तत्त्वतः दुप्पट करते, म्हणजे ६ डेसिबेलने वाढवते. आज्ञावलीने एक भिंत धरली आहे. कोपऱ्यात तीन असतात. तेव्हा कागदावर सपाट असलेला आवाज कोपऱ्यात गदगदीत होणारच. उलट, ज्या पेटीत खालचे सूर लवकर उतरतात असे आलेख दाखवतो, ती नेमकी कोपऱ्यात शोभते. आज्ञावलीने 'खराब' ठरवलेली लहान बंद पेटी चाळीसाठी चांगली असू शकते. बीडीडीच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळते. तिथे जुनी पेटी नेली तर तिचा आवाज बदललेला वाटेल. पेटी तीच असेल, बदलली असेल ती खोली.

आक्षेप तिसरा: आवाज वाढवला की काय होते?

थील आणि स्मॉल यांची समीकरणे हलक्या आवाजासाठी आहेत. पडदा जितका ढकलावा तितका सरकतो, असे त्यांत गृहीत असते. प्रत्यक्षात दोन गोष्टी आड येतात. पहिली, पडद्याची हालचाल. तितकाच आवाज निम्म्या वारंवारितेला हवा असेल तर पडद्याला चौपट हालावे लागते. विनआयएसडीत ही हालचाल दाखवणारा वेगळा आलेख आहे, ही चांगली सोय. पण पडद्याची मर्यादा ठाऊक नसेल तर त्या आलेखाची तुलना करायची कशाशी? दुसरी गोष्ट, उष्णता. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. वेटोळे १०० अंशांनी तापले तर रोध ३९ टक्के वाढतो, त्याच व्होल्टेजला वीज कमी खेचली जाते आणि क्यूही बदलतो. संध्याकाळी सहाला लावलेली पेटी रात्री नऊला वेगळी वाजते ती यामुळे. आज्ञावलीला तिन्हीसांज आणि रात्र सारखीच.

तिसरी बाब आलेखात मावणारी नाही. भिंतीतून आवाज पार होतो तेव्हा वारंवारिता निम्मी झाली की अडवणूक ढोबळमानाने ६ डेसिबेलने घटते. म्हणून शेजाऱ्याला गाणे ऐकू येत नाही, ठोके तेवढे येतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल अशी मर्यादा आहे, पण ती 'ए' भारित डेसिबेलमध्ये. या भारणात ५० हर्ट्झच्या सुरातून ३० डेसिबेल वजा होतात. त्या सुराचा ८० डेसिबेलचा दणका मापकावर ५० एवढाच उमटतो, म्हणजे दिवसाच्या मर्यादेत बसतो. हे भारण हलक्या आवाजातल्या मानवी श्रवणावर बेतलेले आहे, छातीत बसणाऱ्या ठोक्यांवर नव्हे. पेटीचा आलेख खाली ३० हर्ट्झपर्यंत सपाट नेणे हे ज्या आज्ञावलीने ध्येय म्हणून समोर ठेवले, तिने भिंतीपलीकडच्या आजारी माणसाचा विचार केलेला नाही. तो विचार आज्ञावलीने करावा अशी अपेक्षाही नाही. तो आपण करायचा असतो.

मोजणे सोपे आहे

मग आज्ञावली टाकून द्यायची का? मुळीच नाही. तिला आकडे आपण मोजून द्यावेत आणि तिने दिलेले उत्तर पुन्हा मोजून तपासावे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत.

मोबाइलवर सूर निर्माण करणारे अॅप, एक लहान अँप्लिफायर, १,००० ओहमचा रोध आणि मिलिव्होल्टमध्ये एसी मोजणारा मल्टिमीटर घ्या. अगदी स्वस्त मल्टिमीटरवर एसीचा सर्वांत खालचा पल्ला २०० व्होल्टचा असतो, तो इथे चालणार नाही. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला घ्यावा. रोध आणि स्पीकर एकसरीत जोडा. रोध मोठा असल्याने प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे स्पीकरच्या टोकांवरचे व्होल्टेज हे त्याच्या संरोधाचे माप ठरते. स्पीकरच्या जागी १० ओहमचा रोध लावून व्होल्टेज एकदा पाहिले की मापपट्टी तयार झाली. वारंवारिता हळूहळू वाढवत न्या. व्होल्टेज जिथे सर्वाधिक, ती एफएस.

वरच्या उदाहरणातल्या स्पीकरचा डीसी रोध ६ ओहम आणि ६५ हर्ट्झला संरोध २४ ओहम भरला असे समजा. या दोहोंचे गुणोत्तर ४, त्याचे वर्गमूळ २. आता ६ आणि २४ यांचा भूमितीमध्य १२ ओहम. संरोध १२ ओहम होतो अशा दोन वारंवारिता शोधा, एक ६५ च्या खाली, एक वर. त्या ४९ आणि ८५ आल्या, तर त्यांतला फरक ३६. क्यूटीएस म्हणजे ६५ भागिले २ गुणिले ३६, अर्थात ०.९. मोजणी नीट झाली का हेही इथेच तपासता येते: ४९ आणि ८५ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ६५ च्या जवळ यायला हवे. ते ६४.५ येते.

आता स्पीकर ३० लिटरच्या बंद पेटीत घट्ट बसवा आणि अनुस्पंदन पुन्हा मोजा. ते ८२ हर्ट्झला आले, तर ८२ भागिले ६५ याचा वर्ग करून त्यातून १ वजा करा आणि ३० ने गुणा. व्हीएएस जवळजवळ १८ लिटर मिळतो. तिन्ही आकडे हाती आले. आता आज्ञावलीला खरा प्रश्न विचारता येतो. पाण्याने भरलेल्या, बूच घट्ट लावलेल्या एक लिटरच्या १० बाटल्या पेटीत ठेवल्या तर हवा सुमारे २० लिटर उरते. अनुस्पंदन कुठे सरकेल? समीकरण ८९ हर्ट्झ सांगते. हे उत्तर आधी वहीत लिहून ठेवावे आणि मगच मोजावे. ८८ आले तर आनंद आहे. ९५ आले तर अधिक आनंद मानावा, कारण आता शोधायला काहीतरी आहे: पेटीच्या सांध्यातून हवा गळते का, बाटल्यांनी अडवलेली जागा खरोखर १० लिटर आहे का, लिटरचे गणित करताना प्लायची जाडी वजा केली होती का.

अशा प्रकल्पाच्या तक्त्यावर तीन रकाने असावेत: आज्ञावलीचे भाकीत, प्रत्यक्ष मोजलेला आकडा आणि फरकाचे कारण. परीक्षकाने गुण देताना तिसऱ्या रकान्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. छापील आलेख कितीही रंगीत असला, तरी तिथे उभ्या मुलाला एवढेच विचारावे, 'ही रेघ काढलेली आहे की मोजलेली?' जो मुलगा न अडखळता सांगेल, की 'सर, ही तुटक रेघ संगणकाची आणि हे ठिपके माझे', त्याची पेटी ओबडधोबड असली तरी चालेल.